नळाआधी उद्भव: सोलापूर जिल्ह्यातील गावांचे पाणी, शौचालये आणि बदललेला पावसाळा

सीनाकाठ (धागाकर्ता)

२०२३ साली राज्य शासनाने पहिल्या टप्प्यात ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत माढा होता. बार्शी, करमाळा, सांगोला आणि माळशिरस हे आपल्या जिल्ह्यातील आणखी चार तालुकेही त्याच यादीत होते. पुढच्या, २०२४च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळपास गेले, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी वापरावे लागले. त्यानंतर सव्वा वर्षातच, २०२५च्या सप्टेंबरात, सीनेला महापूर आला आणि करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. ज्या गावांनी मे महिन्यात टँकरची वाट पाहिली होती, त्यांपैकी काही गावांना पुरानंतर पुन्हा टँकरचीच वाट पाहावी लागली, कारण सार्वजनिक विहीर गाळाने भरली होती, पंपाची मोटार पाण्याखाली गेली होती आणि शौचालयांच्या खड्ड्यांतले पाणी पुराच्या पाण्यात मिसळले होते.

या दोन्ही संकटांसाठी आपल्याकडे स्वतंत्र व्यवस्था आहेत. दुष्काळासाठी पाणीटंचाई आराखडा आहे. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत बनतो आणि त्यात विहीर अधिग्रहण, योजनेची विशेष दुरुस्ती, नवीन विंधन विहीर (बोअर) आणि टँकर हेच उपाय वर्षानुवर्षे येतात. पुरासाठी आपत्ती व्यवस्थापन आहे. नळासाठी जलजीवन मिशन आणि शौचालयासाठी स्वच्छ भारत मिशन आहे. गाव मात्र एकच आहे, त्याची जमीन एक आहे आणि त्याच्या पिण्याच्या पाण्याचा उद्भवही, म्हणजे जिथून पाणी येते ती मूळ विहीर किंवा बोअर, बहुतेक ठिकाणी एकच आहे. या सगळ्या योजनांत त्या उद्भवाकडे शेवटी लक्ष जाते, ते सर्वांत आधी जायला हवे, असे मला वाटते. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी पावसाविषयी. आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे आणि वार्षिक सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास आहे. जून-जुलैत शिडकावा, ऑगस्टमध्ये उघडीप आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा मोठा पाऊस ही आपली जुनी रीत आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच रीतीवर उभी राहिली. आता बदल झाला आहे तो पाऊस पडण्याच्या पद्धतीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, त्यामुळे पाऊस लांबतोही आणि आला की कोसळतोही. १४ ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत आपण सर्वांनी ते पाहिले आहे.

असा कोसळणारा पाऊस आपल्या जमिनीत मुरत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण, अशी आपली जमीन आहे. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि वरचे पाणी ओढ्याकडे धावते. साधारण पावसाच्या एकदशांश पाणी खाली उतरते असे धरले, तर वर्षाला ५५ मिलिमीटर हाती लागतात. बेसाल्टच्या सांधी-भेगांत जागाच थोडी असते. शंभर भाग खडकात दोन-तीन भाग पाणी मावते. त्यामुळे एवढ्याशा पाण्यानेही विहिरीची पातळी दोन-तीन मीटर चढते, लोकांना विहीर भरल्यासारखी वाटते आणि पंप सुरू झाले की फेब्रुवारीपर्यंत ती तळाला जाते. आपल्या भूजलाचा हा स्वभाव समजून घेतल्याशिवाय कोणताही आराखडा टिकणार नाही.

आता गरजेचा हिशेब पाहू. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. २,००० लोकवस्तीच्या गावाला त्यानुसार दिवसाला १ लाख १० हजार लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पाणी लागते. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २ कोटी लिटरच्या आसपास पाणी जाते. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी हे पाच एकर उसाच्या पाण्याइतके आहे. गावाला पिण्यापुरतेही पाणी नाही हे वाक्य आपण सर्रास ऐकतो, पण इतके थोडे पाणी बहुतेक शिवारांत पडतेच. ते पिण्यासाठी म्हणून कोणी राखून ठेवलेले नसते, ही खरी अडचण आहे.

राखून ठेवण्यासाठी कायदा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही तरतूद १९९३च्या कायद्यापासून आहे. २००९च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. प्रत्यक्षात बोअरची गाडी रात्री गावात येते आणि पहाटेपूर्वी निघून जाते. सार्वजनिक विहिरीच्या शेजारच्या शेतात ४००–५०० फूट बोअर लागते, विहिरीचा पाझर तुटतो आणि पुढच्या टंचाई आराखड्यात त्याच गावासाठी नवी विंधन विहीर धरली जाते. यात कोणा एका शेतकऱ्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, त्याचीही बाग वाळत असते. पण ५०० मीटरचे ते वर्तुळ गावाच्या नकाशावर काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले मी फारच थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

शौचालयाचा प्रश्न मी मुद्दाम याच धाग्यात घेत आहे. २ ऑक्टोबर २०१४ पासून घरोघरी शौचालये झाली, १२,००० रुपयांचे अनुदान मिळाले आणि आपल्या आयाबहिणींची अंधार पडण्याची वाट पाहण्यातून सुटका झाली, हे फार मोठे काम आहे. परंतु टंचाईच्या महिन्यांत, जेव्हा टँकरमधून माणशी २० लिटर पाणी मिळते, तेव्हा शौचालयासाठी पाणी काढताना बाईला हिशेब करावा लागतो आणि घरातले पुरुष पुन्हा शिवाराकडे जाऊ लागतात. पाणी नसले की स्वच्छता मागे पडते आणि खड्डा चुकीच्या जागी असला की पाणी बिघडते. या दोन गोष्टींचा विचार एकाच बैठकीत, एकाच नकाशावर झाला पाहिजे.

आपापल्या गावात उद्भव राखण्यासाठी काय झाले, काय फसले, हे सदस्यांनी कृपया तपशिलाने लिहावे.

माणदेशी शिवार

सांगोला तालुक्यातून लिहितो. उद्भव आधी, या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त आमच्याकडची एक निराळी बाजू मांडतो. शिरभावीसारख्या प्रादेशिक योजनेने आमच्या तालुक्यातील पुष्कळ गावांना भीमेचे पाणी दिले आणि माण नदीच्या कोरड्या पात्रात झरे खोदून पाणी भरण्याचे दिवस संपवले. त्या योजनेचे उपकार कोणीही विसरू नये. पण नळाला बाहेरचे पाणी येऊ लागल्यावर गावाने आपला जुना आड आणि सार्वजनिक विहीर यांकडे पाठ फिरवली. कुठे त्यांत कचरा पडला, कुठे त्या बुजवल्या गेल्या. आता जलवाहिनी फुटली, वीज खंडित झाली किंवा उजनीतून नदीत आवर्तन (पाळीचे पाणी) सुटले नाही, तर गावाकडे दुसऱ्या दिवसासाठीही स्वतःचे पाणी नसते. प्रादेशिक योजनेच्या गावांनीही निदान एक स्थानिक उद्भव गाळ काढून, जाळी बसवून, हातपंपासह जिवंत ठेवला पाहिजे. सौर ऊर्जेवरचा दुहेरी पंप आमच्या शेजारच्या वस्तीवर आहे. वीज असो वा नसो, दिवसा टाकी भरते आणि ढगाळ दिवशी त्याच बोअरवरचा हापसा चालतो. वाड्यावस्त्यांसाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था मी पाहिलेली नाही.

शेततळ्यांविषयीही लिहिणे भाग आहे. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी अडवून भरलेले शेततळे हे वरदान आहे. परंतु आमच्याकडे डाळिंबासाठी विहीर-बोअरचे पाणी हिवाळ्यातच उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवण्याची पद्धत पडली आहे. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळ्यावरून एप्रिल-मेमध्ये दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी रोज ९,००० लिटर वाफ होऊन जातात. ५५ लिटरच्या हिशेबाने ते १६० हून अधिक माणसांचे पाणी झाले. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात काढून ठेवण्याची ही पद्धत आम्ही शेतकऱ्यांनीच बसून आवरती घेतली पाहिजे. मी स्वतः डाळिंब उत्पादक आहे आणि तळ्यावर शेडनेटचे आच्छादन टाकणे, बागेत पाचटाचे मल्चिंग करणे आणि बाग वाढवण्याआधी विहिरीची ऑक्टोबरची पातळी पाहणे, हे तिन्ही करतो आहे.

भीमेचा ऊस

धागा चांगला आहे, पण प्रत्येक चर्चेत ऊस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जातो, याचे वाईट वाटते. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, त्यांवर ऊसतोड मजुरांपासून वाहतूकदारांपर्यंत किती घरे चालतात, याचाही विचार व्हावा. ज्वारीला आणि तुरीला खात्रीचा भाव मिळाला असता, तर शेतकऱ्याने बारमाही पीक कशाला धरले असते? शिवाय नदीला आवर्तन सुटले की काठावरच्या शेतीपंपांची वीज दोन-दोन तासांवर आणली जाते आणि आमचे उभे पीक जळते. पिण्याच्या पाण्यासाठी हा त्याग आम्ही दर उन्हाळ्यात करतो.

सीनाकाठ

@भीमेचा ऊस, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि भावाचा मुद्दा मुळाशी जाणारा आहे. मी उसाचा आकडा दिला तो तुलनेसाठी, दोषारोपासाठी नव्हे. पाच एकरांचे पाणी बाजूला ठेवल्याने कोणाचाही कारखाना बंद पडत नाही, एवढेच मला दाखवायचे होते. ठिबकवर गेलेल्या उसाने तर त्याहून कितीतरी अधिक पाणी वाचते.

आवर्तनाबाबतही तुमच्याशी सहमत आहे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यांपैकी उपयुक्त ५३ टीएमसीच्या वर आणि मृतसाठा ६३ टीएमसीच्या वर आहे. पिण्यासाठी लागणारे पाणी त्या मानाने अत्यल्प असते, पण ते नदीच्या उघड्या पात्रातून शेकडो वळणे घेत पोहोचवायचे म्हटले की वाळू, ऊन आणि वाटेतले पंप यांत त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. ही पद्धत जितकी लवकर कमी होईल, तितके ते काठच्या शेतकऱ्यांच्याही हिताचे आहे.

गावची आशा

मी अक्कलकोट तालुक्यात आशा म्हणून काम करते. वरचे सर्व लेखन वाचले. आता पाणी घरात पोहोचल्यानंतर काय होते, ते लिहिते.

आमच्याकडे नळाला रोज पाणी सुटत नाही, उन्हाळ्यात तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाळी येते. मागच्या पावसाळ्यात एका गल्लीत जुलाबाचे रुग्ण वाढले. टाकीचे पाणी तपासले, ओटी या क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाच्या थेंबांनी ते पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन होते. मग आम्ही जंतुतपासणीच्या बाटल्या (पाणी दूषित असेल तर त्या काळ्या पडतात) तीन ठिकाणी भरल्या: एक टाकीखाली, एक गल्लीच्या तोंडाशी आणि एक शेवटच्या घरातल्या नळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोन बाटल्या जशाच्या तशा होत्या आणि तिसरी शाईसारखी काळीभोर झाली होती. त्या गल्लीत जलवाहिनी गटाराच्या आतूनच गेली आहे आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांधा गळत होता. पाणी सुटलेले असते तेव्हा ते तिथून बाहेर गळते आणि पाणी बंद झाले, नळी रिकामी झाली की गटारातले पाणी आत ओढले जाते. टाकीत कितीही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तरी शेवटच्या घराला त्याचा उपयोग नव्हता. सांधा बदलला, नळी गटाराच्या वरून घेतली, तेव्हा कुठे ते थांबले.

यातून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. टंचाई असेल तेव्हा पाणी चार दिवसांनी सोडण्याची वेळ येते आणि तेच पाणी दूषित होण्याचे मोठे कारण ठरते, त्यामुळे हवामान बदलाचा धोका विहिरीपुरता नाही, तो नळाच्या तोटीपर्यंत आहे. दुसरे असे की, पाण्याचा नमुना नेहमी शेवटच्या घरातून घ्यावा आणि तिथे ०.२ पीपीएम क्लोरीन मिळाले पाहिजे. आरोग्य खाते वर्षातून दोनदा पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. ते कार्ड कोणत्या रंगाचे आले, हे ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह महिलांनी धरला पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या महिलांची नावे नुसती कागदावर राहू देऊ नका.

मुरूम आणि खडक

स्थापत्य अभियंता आहे आणि ग्रामीण शौचालयांच्या बांधकामाची तपासणी केलेली आहे, म्हणून खड्ड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा; पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला की आतल्या मैल्याचे कोरडे, वासरहित खत होते आणि कोणत्याही माणसाला ओला मैला उपसावा लागत नाही. २०१३च्या कायद्याने जे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे, ते या रचनेत उद्भवतच नाही. पण काळ्या मातीत ती तशीच्या तशी बांधली तर चालत नाही. ही माती ओलीने फुगून खड्ड्याच्या भिंतीवर दाब देते आणि पाणी फार हळू शोषते. म्हणून खड्डा मोठा घ्यावा लागतो आणि भिंतीभोवती विटांचे तुकडे, खडी आणि वाळू यांचे फूटभर जाडीचे भरण करावे लागते. जिथे माती उथळ आहे आणि लगेच भेगाळलेला खडक लागतो, तिथे उलटी अडचण आहे. तिथे घाण पाणी गाळले न जाता भेगांतून थेट विहिरीकडे धावते. अशा जागी खड्ड्याचा तळ काँक्रीटने बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचे आवरण घालायचे असते. विहिरीपासून १० मीटर हा सामान्य नियम आहे, मात्र फुटलेल्या खडकात उताराच्या वरच्या बाजूला खड्डा असेल तर मी त्या १० मीटरवर विसंबणार नाही. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील भूजल पातळीच्या निदान २ मीटर वर हवा, ही अट तर आपल्याकडे कोणी पाहतच नाही, कारण बांधकाम उन्हाळ्यात होते आणि तेव्हा पाणी खोल गेलेले असते.

भांड्याविषयी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण टंचाईच्या गावाला ती फार उपयोगाची आहे. ग्रामीण शौचालयासाठी तीव्र उताराचे भांडे मिळते, त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि खालच्या सापळ्यात वास अडवणारा पाण्याचा थर २० मिलिमीटरचाच असतो. त्यात दीड-दोन लिटर पाणी ओतले तरी पुरते. दुकानात सहज मिळते ते शहरी भांडे पसरट असते आणि त्याला एका वेळेस बादलीभर पाणी लागते. पाच माणसांच्या घरात हा फरक दिवसाला तीस-चाळीस लिटरचा होतो, म्हणजे टँकरच्या दिवसांत दोन माणसांच्या वाट्याचे पाणी. शौचालय वापरात राहील की त्यात सरपण भरले जाईल, हे अनेकदा या भांड्याच्या उतारावर ठरते. वीस-पंचवीस हजारांच्या बांधकामात या गोष्टीला वेगळा खर्चही येत नाही.

पूरग्रस्त गावांसाठी: खड्ड्याची झाकणे आणि भोवतालचा ओटा जमिनीपासून उंच घ्यावा आणि मातीचा उतार बाहेरच्या बाजूला काढावा. सेप्टिक टाकी बांधलेली असेल तर तिचे सांडपाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडणे बंधनकारक समजावे.

माणदेशी शिवार

@मुरूम आणि खडक सर, पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट या क्षाराविषयीही लिहावे. आमच्या भागात पाणी उकळून पिण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो.

मुरूम आणि खडक

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. क्लोरीननेही ते जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि तान्ह्या बाळांना वरचे दूध देताना असे पाणी वापरणे धोक्याचे असते. रासायनिक खते, उकिरडे, गोठे आणि खड्डे ही त्याची मुळे आहेत. विहिरीच्या वरच्या अंगाचा उकिरडा हलवणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो होईपर्यंत पिण्यापुरते छतावरचे पाणी साठवावे. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर ५५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचे ८० टक्के हाती आले, तर २२,००० लिटर होतात. पाच माणसांचे पिण्या-स्वयंपाकाचे पाणी, माणशी ५ लिटर धरून, वर्षाला ९,००० लिटरच्या थोडे वर जाते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि टाकी बंद, अंधारी ठेवावी.

पालखी मार्ग

माळशिरस तालुक्यातून एक वेगळी बाजू. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या आमच्या गावांत आणि पुढे पंढरपूर तालुक्यातील भंडीशेगावात आषाढी वारीच्या काळात एका रात्रीपुरती लाखो माणसे मुक्कामी असतात. हे दिवस नेमके असे असतात की विहिरी वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला असतात आणि पहिला मोठा पाऊस कधीही येऊ शकतो. निर्मल वारीच्या फिरत्या शौचालयांमुळे आणि ठिकठिकाणच्या टँकर भरणा केंद्रांमुळे चित्र फार सुधारले आहे, ज्या गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधून हातात खराटा घेतला त्यांच्या मार्गाने हे काम चालले आहे, याचे समाधान वाटते. मात्र पालखी पुढे गेल्यानंतरचे दोन-तीन दिवस अधिक महत्त्वाचे आहेत. शौचालयांच्या टाक्यांतला मैला कोणत्या शेतात रिकामा झाला, त्याचा उतार कोणत्या विहिरीकडे आहे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. आमच्या गावात मुक्कामाच्या जागांचा नकाशा करताना आता सार्वजनिक विहिरीच्या वरचा उतार मोकळा सोडतात. पालखी हलली की लगेच विहिरीचे शुद्धीकरण होते.

नवीन वाचक

कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापुरातच झाला होता ना? त्याने ही टंचाई मिटणार नाही का?

सीनाकाठ

होय, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत सोलापूर परिसरातील २७६ ढगांवर अभ्यास केला आणि योग्य ढगांत बीजारोपण केल्यास सुमारे १८ टक्के अधिक पाऊस मिळू शकतो, असे आढळले. काम मोलाचे आहे. पण त्यासाठी मुळात योग्य ढग आकाशात असावे लागतात आणि जास्तीचा पाऊस पडला तरी तो याच काळ्या मातीवर पडणार आहे.

@गावची आशा ताई, शेवटच्या घराचा नमुना ही सूचना प्रत्येक पाणी समितीने लिहून घ्यावी अशी आहे. पुरानंतरच्या विहिरीबद्दल तुमच्याच कामाला जोडून लिहितो. आधी पूर्ण उपसा, मग गाळ काढणे, मग टीसीएल, हा क्रम मोडू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळालाच खर्ची पडते. विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर तीत सुमारे १ लाख १३ हजार लिटर पाणी असते. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम चांगली टीसीएल या हिशेबाने २८० ग्रॅम लागते. पुरानंतर ती कितीतरी अधिक लागते आणि पुरेशी झाली की नाही, हे तासाभराने ओटी चाचणीच सांगते. उघडे पडलेले, ओल लागलेले पोते वापरू नये, त्यातले क्लोरीन उडालेले असते.

गावची आशा

गावाच्या सांडपाण्याचाही हिशेब या धाग्यात यावा. नळाचे पाणी वाढले तसे गल्लीतले डबके आणि डासही वाढले आहेत.

मुरूम आणि खडक

ताई, ५५ लिटरपैकी सुमारे ८० टक्के पाणी न्हाणी आणि भांडी यांतून बाहेर येते, म्हणजे २,००० लोकवस्तीत दिवसाला ८८,००० लिटर. घरोघरी शोषखड्डा काढला तर बरेचसे तिथेच मुरते. मात्र काळ्या मातीच्या जाड थरात साधा शोषखड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खोदता येत नसेल तर परसबाग किंवा गावाच्या खालच्या अंगाला स्थिरीकरण तळे (सांडपाणी साठवून निवळू देणारे तळे) हेच योग्य. शौचालयाचे पाणी आणि न्हाणीचे पाणी एकाच खड्ड्यात कधीही सोडू नये. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला होता. त्यातून आपल्या गावात काय झाले, हे ग्रामसभेत विचारता येते.

भीमेचा ऊस

एक विचारायचे आहे. अटल भूजल योजनेत आपला जिल्हा होता, काही ग्रामपंचायतींच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला मी पाहिला. आमच्या गावात ती योजना नव्हती. मग आम्ही ताळेबंद कशावरून करायचा? आणि हिवरेबाजारसारखा नियम आमच्यासारख्या बागायती गावात कोण पाळणार?

सीनाकाठ

हिवरेबाजारने सिंचनासाठी बोअर बंद केले आणि पावसाचा आकडा पाहून पिके ठरवली. तेवढा कडक नियम पहिल्या वर्षी कोणत्याही बागायती गावात पाळला जाणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून एकाच गोष्टीपासून सुरुवात करावी, असे सुचवतो. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पिण्याच्या विहिरीची एक राखीव पातळी ठरवावी. पाणी त्या खुणेला आले की ५०० मीटरच्या आतील विहिरी-बोअरवरून त्या हंगामात नवीन उन्हाळी पीक घ्यायचे नाही आणि ज्यांचे उभे पीक आहे त्यांना पाण्याऐवजी भरपाई कशी द्यायची, तेही त्याच सभेत ठरवायचे. ज्यांचे नुकसान होणार त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय असा ठराव टिकत नाही.

मोजणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा मोजते. गावाने आपली विहीर दर आठवड्याला मोजावी. कठड्यावर एका जागी तेलरंगाने खूण करावी आणि तिथूनच, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेला टेप सोडावा. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस त्याच वहीत लिहावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा अशी नोंद झाली की कोणत्या पावसाने पाणी किती चढले आणि कोणत्या महिन्यापासून ते झपाट्याने उतरू लागले, हे त्या वहीतूनच दिसते. वही व्हॉल्व्हमनकडे असावी आणि तिची प्रत दर महिन्याला फलकावर लागावी. ज्यांच्या गावात अशी वही आधीपासून आहे, त्यांनी तिचा नमुना इथे टाकला तर बाकीच्यांना येत्या पावसाळ्याआधी सुरुवात करता येईल.